पाच पात्यांचा पंखा

घोरपडे पेठ, पुणे
गुरुवार, २४ जून १९९९

प्रिय जैनब,

अनेक दुआ.

तुझ्या आईचं पत्र काल मिळालं. त्यांनी एकच विचारलंय. शिरूरच्या इम्तियाज मास्तरांच्या दुसऱ्या लग्नासाठी मास्तरांची बहीण तुझी चौकशी करायला आमच्याकडे येऊन गेली, त्यानंतर त्या लोकांनी काहीच कळवलं नाही, तर पुण्यात नेमकं काय बोलणं झालं? त्याचं उत्तर मी तुलाच लिहायला बसले आहे. फोनवर मला ते बोलवणार नाही. घरात आपण उर्दू बोलतो, पण कागदावर मला मराठीच सुचते, मॅट्रिकपर्यंत तीच शाळा. तेव्हा सासूचं पत्र मराठीत आलं म्हणून दचकू नकोस. आधी पंख्याचं सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

पंखा म्हणजे तोच, बुधवार पेठेतला. गेल्या दिवाळीच्या सुमाराला तुम्ही दोघं घड्याळाचे सेल आणायला गेलात आणि पंखा पाहून आलात. लाकडी पाच पाती, कडेने कोरीव, मधे पितळी रंगाची मोटार आणि खाली कमळासारखा काचेचा दिवा. केवढा आहे ते दाखवायला सिराज हॉलच्या मधोमध हात पसरून स्वतःभोवती फिरला आणि टीव्हीवरची फुलदाणी पाडली. मी म्हणाले, छताला दागिने घालण्याइतकी आपली ऐपत नाही, आणि छताने मागितलेही नाहीत. तू ओढणीत तोंड घालून हसलीस. तो म्हणाला, अम्मी, तू खर्चाच्या वहीत लिहिलं नाहीस तर छताला कळणारसुद्धा नाही. पुढे त्याने दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा मी एवढंच म्हणाले की जुना पंखा चालू आहे. जुना पंखा चालूच होता. त्यात खोटं काही नव्हतं.

जानेवारीत, ईदनंतरच्या आठवड्यात, सिराज स्कूटरवरून हडपसरला निघाला आणि वाटेत अपघात होऊन गेला. नंतरचं काही आठवत नाही असं लोक म्हणतात. मला सगळं आठवतं. फक्त शेजारच्या घरात घडल्यासारखं आठवतं. विधवेच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस तू उंबरठ्याबाहेर पाऊल न टाकता याच घरात काढलेस. आपण दोघी शेजारी शेजारी नमाज पढायचो, एका ताटात जेवायचो आणि दिवसाकाठी दहा शब्द बोलायचो. मला ते पुरत होते. तुला पुरतात का, हे मी कधी विचारलं नाही. दोन जूनला इद्दत संपली आणि पाचला तुझा भाऊ तुला नगरला माहेरी घेऊन गेला. महिनाभर राहून येते, म्हणालीस.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी एकटीच बुधवारात गेले. कशाला, ते तेव्हा कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तू परत आलीस की वर बघशील, एवढंच मनात होतं. दुकानदार पेपर वाचत होता. मी विचारलं, याला वारा चांगला येतो ना? तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "बाई, हा बघायचा पंखा आहे. वारा हवा असेल तर साधे शेजारच्या दुकानात मिळतात." मी म्हणाले, हाच द्या. तेव्हा कुठे त्याने माझ्याकडे पाहिलं. मी घासाघीस केली नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात कोथिंबिरीची जुडीसुद्धा मी पहिल्या भावाने घेतलेली नाही, तुला ठाऊक आहे. घरी येईपर्यंत ते माझ्या लक्षातही आलं नाही.

दहा तारखेला संपत वायरमन आला. जुनी कडी हलवून बघितली आणि म्हणाला, "काकी, हिच्यावर हे धूड लटकवायचं तर खाली कोणी बसायचं ते आधी ठरवा." मग स्लॅबला भोकं पाडून नवी कडी बसवली. धूळ पार पिठाच्या डब्यापर्यंत गेली. पाती जोडून पंखा वर चढेपर्यंत दुपार कलून असरची अजान झाली. खोलीच्या मानाने तो फार मोठा दिसतो. संपत म्हणाला, आता याला शोभेल असा हॉल बघा. बटण दाबलं, पंखा फिरला, दिवा लागला. भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं. तुझे सासरे मार्केट यार्डातल्या गाळ्यावरून आले, वर बघितलं, चपला काढल्या आणि म्हणाले, आणलास का. बास. एवढंच.

त्या रविवारी मास्तरांची बहीण हमीदा आणि तिचा नवरा आले. माणसं चांगली आहेत. मास्तरांची बायको तीन वर्षांपूर्वी वारली, मूलबाळ नाही, घरात म्हातारी आई, शाळेत गणित शिकवतात. हमीदाला मी मुद्दाम पंख्याखालच्या खुर्चीवर बसवलं. ती चहा पिता पिता पदराने वारा घेत होती. तिचा नवरा रुमालाने मान पुसत होता. मला वाटलं, असल्या कामाला परक्या घरी आलेत म्हणून अवघडलेत. मी पंखा पाचावर नेला. कॅलेंडर आणखी जोरात फडफडलं. हमीदा म्हणाली, पंखा सुंदर आहे हं. मी म्हणाले, आमच्या जैनबची पसंती. मग तिने तुझ्याबद्दल विचारलं आणि मी तुझी तारीफ केली. अर्धा कप चहा तसाच ठेवून ती उठली. जाताना माझे दोन्ही हात हातात धरले. त्या दिवसापासून नमाजेनंतर मी दुआसाठी हात उचलते आणि काही मागता येत नाही.

मग परवाच्या शनिवारी शकू भांडी घासून निघाली होती. हॉलमध्ये तोंड पुसायला थांबली, वर बघत राहिली आणि म्हणाली, "काकी, ह्यो उलटा फिरतोय की. वारं समदं छताला चाललंय." मी खुर्चीशेजारी उभी राहून हात वर धरला. हाताला काही लागलं नाही. संपतला बोलावलं. मोटारीच्या बाजूला बारीक खटका असतो, तो त्याने नखाने सरकवला. म्हणाला, थंड मुलखात हिवाळ्यात असा उलटा फिरवतात, माझ्या ध्यानातच आलं नाही. पण काकी, नऊ दिवस तुम्हाला कळलं नाही? मी ह्यांच्याकडे बघितलं. नऊ दिवस हे त्या पंख्याखाली बसून पेपर वाचत होते, भिजलेला बनियन बदलून पुन्हा तिथेच बसत होते. म्हणाले, "मला वाटलं, वारा आहे, आपल्यालाच लागत नसेल." संपत हसला. मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. कॅलेंडर हलतंय म्हणजे वारा आहे, एवढंच मी धरून चालले होते. जैनब, तू इथे असतीस तर तूही आमच्याबरोबर तिथेच बसली असतीस आणि तक्रार केली नसतीस. आमचं वय झालं, आमचं चालून जाईल. तू अठ्ठावीस वर्षांची आहेस.

आता तुझ्या आईच्या प्रश्नाचं उत्तर. हमीदाने मला विचारलं होतं, पोरीचं मन तयार आहे का? ते तयार आहे हे मला माहीत होतं. नगरला जायच्या आदल्या दिवशी मेथी निवडताना तूच म्हणालीस, अम्मी, पुढे कोणी विचारलं तर मी नाही म्हणणार नाही, तुम्ही रागावणार नाही ना? मी मान हलवली होती. आणि हमीदाला मी काय सांगितलं? फार मायाळू पोर आहे, म्हणाले. इथे होती तोवर रोज दुपारी जोहरच्या नमाजेनंतर सिराजचं कपाट उघडायची, त्याचे शर्ट काढून तोंडाशी धरून बसायची, मग घडी न मोडता परत ठेवायची. सगळी तारीफच. अशा पोरीला कोण मागणी घालेल? बोलताना मला ठाऊक होतं मी काय करते आहे. इद्दतीत तू ते कपाट एकदाही उघडलं नाहीस. त्याची चावी माझ्या कमरेला असते. रोज जोहरनंतर शर्ट काढून बसते ती मी. आज सकाळी हमीदाला पत्र टाकलं, त्यात हे असंच लिहिलं आहे. ती माणसं पुन्हा येतील की नाही, मला सांगता येत नाही. आली तर आम्हा दोघांना मधे न आणता तुझं उत्तर तू दे. आणि हे पत्र तुझ्या आईला वाचून दाखव. माझ्यासाठी एकही ओळ गाळू नकोस.

तुझीच, तू म्हणशील तोवर,
अम्मी