शाकाहारी सोनमासे

१२ फेब्रुवारी १९३४, सोमवार
शेजारच्या सुलेमान सारंगाने बोटीवरून सोनमाशांची जोडी आणली, तिने आमच्या परसातल्या दगडी दोणीत अंडी घातली. जोडी त्याने परत नेली. आज पिल्लं निघाली. शंभर तरी. नुसते डोळेच दिसतात. सुलेमान म्हणाला, भाऊ, उकडलेल्या अंड्याचा बलक द्या, चिमूटभर. आमच्या घरात अंडं? कमळा घर सोडून जाईल.

१४ फेब्रुवारी
कचेरीत इंग्रजी पेपरात वाचलं. पाण्यातलं अतिसूक्ष्म हिरवं शेवाळ हे मत्स्यबालकांचं अन्न. ग्रीन वॉटर. म्हणजे शाकाहारी मासे शक्य आहेत, आणि पहिले रत्नागिरीत होणार. शेवाळ धरावं म्हणून दोणीत घमेलंभर शेण टाकलं. प्रमाण पुढल्या पानावर होतं, ते फाटलेलं. कमळाने विचारलं, कपडे कुठे धुऊ? सायन्सला तिचा विरोध नसावा.

२० फेब्रुवारी, सकाळी ६
पाणी पोपटी. पिल्लं वर येऊन तोंडं उघडून होती. सगळी. मला ओळखू लागली. कमळा म्हणाली, गुदमरताहेत ती. तिला माशांतलं काय कळणार, घरात कोणी खात नाही.

२१ फेब्रुवारी
कमळा दिवसभर कळशी घेऊन सुलेमानच्या रझियाबीकडे खेपा घालत होती. पाणी नेतेय म्हणाली. शेजारधर्म चांगला.

२ मार्च
पाणी अळूच्या फतफत्यासारखं. मासे दिसत नाहीत. म्हणजे पाणी दाट. म्हणजे अन्न भरपूर. म्हणजे मासे सुखात. कलेक्टरसाहेबांच्या मडमना बंगल्यातल्या हौदासाठी मासे हवेत, असं हेडक्लार्क रावजी म्हणाले. मी पन्नास कबूल केले. कचेरीत नाझराची, म्हणजे माझ्या वरची, जागा रिकामी होते आहे. तो निव्वळ योगायोग.

९ मार्च
चमचाभर ग्रीन वॉटर स्वतः घेतलं. प्रयोगकर्त्याने मागे राहू नये.

१० मार्च
रजा. पोट. काल फणसाची भाजी होती, त्यामुळे.

१८ मार्च, रविवार
मडम आल्या. मी मत्स्यशाकाहारावर इंग्रजीत सात मिनिटं बोललो. मग शिपाई धोंडूने दोणीत जाळं फिरवलं. एक बेडूक. पुन्हा फिरवलं. तोच बेडूक. मडम म्हणाल्या, तब्येत चांगली आहे त्याची.
तेवढ्यात कमळा पदर सावरत पुढे झाली आणि मडमना कुंपणापलीकडे घेऊन गेली. रझियाबीच्या मातीच्या कुंडीत साठेक पिल्लं. रंग अजून काळपट, पण टणटणीत. गेले चार आठवडे दोघी मिळून बलक भरवत होत्या म्हणे. अंडं उकडायची रझियाबी. कुस्करायचं कोण, हे मी विचारलं नाही.

२० मार्च
नाझराची जागा राजापूरच्या माणसाला मिळाली. मडमचा निरोप आला, माशांना काय, किती, केव्हा द्यायचं ते रझियाबी सांगेल, तुम्ही इंग्रजीत लिहून द्या. लिहिलं. उकडलेल्या अंड्याचा बलक, हरभऱ्याएवढा, दोन वेळा. शेवाळाचं एक वाक्य मी मध्ये घातलं होतं. रझियाबीने मराठीत वाचून दाखवायला लावलं आणि ते खोडायला सांगितलं.
संध्याकाळी कागद बंगल्यावर पोचवला. मडम म्हणाल्या, अक्षर फार सुंदर आहे.