दादाला दिलेली क्षमा

३ मार्च, रविवार

आज चर्चमध्ये, मंडळीसमोर साक्ष दिली. जागेवरच माइक घेऊन उभी राहिले. सांगितलं — बाबांची अखेरची संध्याकाळ. मी परीक्षेसाठी दुसऱ्या गावी. आणि माझा थोरला भाऊ त्यांना दवाखान्यात एकटं टाकून घरी जेवायला निघून आला. तेवढ्यात बाबा गेले. वर्षभर मी त्याच्याशी धड बोलले नाही. आज प्रभूच्या नावानं त्याला क्षमा करते.

मागच्या बाकांवर कुणीतरी हुंदके देत होतं. पाळकसाहेब म्हणाले, "घरातली पहिली पदवीधर, पण मन बघा किती नम्र." किती हलकं वाटलं!

दादा माझ्या पुढच्याच बाकावर होता. वळला नाही. मान तेवढी लाल झालेली दिसली.

४ मार्च

दादाचा फोन नाही. निदान "बरं" तरी म्हणायचं.

६ मार्च

आत्या आली ती तोफ घेऊनच. "क्षमा केलीस की धिंड काढलीस गं त्याची?"

मी समजावलं — क्षमा म्हणजे माणसाकडे देवाच्या नजरेनं पाहणं.

"हो का? आणि देव माइक हातात घेऊन पाहतो वाटतं?" वर म्हणते, चहात साखर कमी घाल.

राग आला. साखर मात्र कमीच घातली.

१० मार्च, रविवार

दादा उपासनेला आला नाही. वहिनी एकटीच. पायऱ्यांवर गाठलं तिला. "लिफ्ट बंद पडलीय कुठेतरी," म्हणाली. दादाचं कामच ते, लिफ्ट दुरुस्तीचं. पण तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

मग थांबली. "त्यांनी मागितली होती का तुझ्याकडे क्षमा?"

तीच पुढे म्हणाली,

"त्यांच्या जोडीला काम करणारा आपल्याच मंडळीतला. भर जेवणाच्या सुट्टीत विचारलं त्यानं — काय रे, बापाला सोडून जेवायला पळालास? तेव्हापासून डबा भरलेला परत येतोय."

१२ मार्च

देवाच्या नजरेनं म्हणे! माझ्या नजरेला काय दिसत होतं? खाली मान घातलेला दादा, आणि त्याच्याहून उंच उभी मी. त्याला हवी आहे की नको, हेही न विचारता क्षमा त्याच्या गळ्यात मारली. आणि त्या दिवशी काय घडलं, हे वर्षभरात एकदाही विचारलं नाही.

संध्याकाळी त्याच्या घरी गेले. जमिनीवर बसून कसलासा पार्ट कानशीनं घासत होता.

"दादा, चुकले मी."

"बस. वहिनी चहा टाकतेय."

"त्या दिवशी नक्की काय झालं होतं?"

कानशी थांबली. परत सुरू झाली. "जाऊ दे, मास्तरीणबाई. झालं ते झालं."

पदवी मिळाल्यापासून हेच म्हणतो मला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

१६ मार्च, शनिवार

आई भाजी निवडता निवडता थांबली. "त्या संध्याकाळी मी गेले होते दवाखान्यात. तुझ्या दादाला म्हटलं, सकाळपासून बसलायस, जा, चार घास खाऊन ये. तो गेला, आणि मला ह्यांची ती धाप बघवेना. खाली बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. वर गेले तेव्हा संपलं होतं सगळं. तो म्हणाला, कुणाला सांगू नकोस, आई. विचारलं तर मीच सोडून आलो म्हणेन."

मी साक्ष देत होते तेव्हा आई माझ्या शेजारी बसली होती.

"उद्या उभी राहू का गं मी मंडळीत?"

तिच्या मांडीवरची परात बाजूला ठेवली. तिला जवळ घेतलं. केवढीशी झालीय.

"तू बसून राहा," मी म्हणाले. "उभं मला राहायचंय."