साकवाचा अर्ज

कारवंदवाडी, ता. वाई
१२ ऑक्टोबर १९९७

श्री. आकारामराव खराडे, माधवनगर यांस,
मानसिंग जगदाळे याचा रामराम.

चार वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नका. इकडे सगळं ठीक आहे. पाऊस बेताचा झाला, हळद बरी आहे, गुडघा कुरकुरतो पण चालतो. आमचा ऋषिराज सध्या पल्टनीबरोबर आसामात आहे. विहीणबाईंना नमस्कार सांगा, त्या घेतील तर.

आधी कामाचं लिहितो. आमच्या ओढ्यावर साकव मंजूर झाला. आपल्या सरकारने नव्हे, जपानच्या. जिल्हा परिषदेकडे आम्ही अकरा वर्षं अर्ज केले. दर वेळी कुणीतरी येऊन ओढा पाहून जायचं, तेही उन्हाळ्यात. मग महिला मंडळाच्या अध्यक्ष रंगूबाई यांना वाईत कुणीतरी सांगितलं की जपान सरकार लहान संस्थांना लहान कामांसाठी थेट मदत देतं, मुंबईतल्या त्यांच्या कचेरीकडे अर्ज करायचा. बाई तडक माझ्या दारात.

"सुभेदार, पल्टनीत तीस वरसं कागदंच काळी केली न्हवं तुमी? मग आमचा यवडा येक करा की."

एकोणीस पानांचा अर्ज, सगळा इंग्रजीत. मंडळाचं नोंदणीपत्र, तीन वर्षांचं ऑडिट, ओढ्याचा नकाशा, तीन ठेकेदारांची दरपत्रकं. परदेशी मदत घ्यायला दिल्लीची परवानगी लागते, तिलाच चौदा महिने गेले. 'लाभार्थी किती' या रकान्यावरून रंगूबाईंचं आणि माझं दोन दिवस वाजलं. त्यांनी लग्न होऊन गेलेल्या पोरीही मोजल्या होत्या. मी त्या खोडल्या. बाई म्हणाल्या, "का वं? दिवाळीला येत्यात, बाळतपणाला येत्यात, तवा काय उडत येत्यात व्हय?" शेवटी ठेवल्या.

नववा रकाना असा होता: या सोयीअभावी गावात घडलेली एखादी प्रत्यक्ष घटना थोडक्यात लिहा. तिथे मी दीपमालाचं लिहिलं. तुम्हाला न विचारता तुमच्या मुलीचं नाव परक्या सरकारच्या कागदावर घातलं, याबद्दल आधी माफी मागतो. चारच ओळी लिहिल्या. ऑगस्ट १९९३, माझी सून, आठवा महिना, अचानक कळा. ओढ्याला पाणी, बाजेवर घालून अलीकडच्या काठावर तीन तास थांबलो. बाळ आणि आई, दोघंही गेली. यातला एकही शब्द खोटा नाही. एकही शब्द खोटा नसलेला अहवाल कसा लिहायचा, हे मला फौजेने शिकवलं आहे.

मार्चमध्ये जपानी मॅडम पाहणीला आल्या. तिशीच्या असतील, पायात कॅनव्हासचे बूट, हातात वही. ड्रायव्हर पलीकडे गाडीपाशी थांबला. आख्खा गाव ओढ्यावर जमला होता आणि इंग्रजी कळणारा मी एकटा. त्या विचारत, मी मराठीत सांगे, गाव उत्तर देई, ते मी इंग्रजीत सांगे. तासभर छान चाललं. बायांनी त्यांना ओवाळलं, बनुबाईंनी गूळ-शेंगदाणे दिले, ते त्यांनी आवडीने खाल्ले.

मग वही उलटून त्यांनी नववा रकाना काढला. म्हणाल्या, आमच्याकडे मुलगी बाळंतपणाला आईकडे जाते. तुमच्याकडेही पहिल्या वेळी तसंच करतात असं मी वाचलं आहे. मग ही मुलगी इथे कशी होती?

आकारामराव, चार वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. तुम्हीही नाही. दहाव्याला तुम्ही ओसरीवर बसून एवढंच म्हणालात, "माझ्याच पोरीला मी नकोसा झालो हुतो." आणि उठून गेलात.

रंगूबाईंनी मला ढोसलं. "काय म्हंत्यात बाई?"

मी म्हणालो, "विचारत्यात, पाणी किती चढतं."

झालं. सगळ्यांचे हात वर. कुणी कमरेला लावून दाखवतंय, कुणी छातीला, ठेंगण्या बनुबाई डोक्याच्या वर. मॅडमनी ते सगळे हात पाहिले आणि परत माझ्याकडे पाहिलं. त्या उत्तरासाठी थांबल्या होत्या.

मी त्यांना खरं ते सांगितलं. इंग्रजीत. पन्नास माणसांसमोर सांगितलं आणि एकालाही कळलं नाही. मॅडमनी पेनाला टोपण लावलं. वहीत काही लिहिलं नाही.

जुलैमध्ये मंजुरी आली. आता मंडळाने ठराव केला आहे की साकवाला दीपमालाचं नाव द्यायचं. माहेरची संमती हवी, ती सुभेदारांनी आणावी, असंही त्यात आहे. हे पत्र त्यासाठी. निदान बसलो तेव्हा त्यासाठी होतं.

पण मॅडमना जे सांगितलं ते कळल्याशिवाय तुमच्याकडे संमती मागायचं तोंड मला नाही.

तुम्ही श्रावणात तिला न्यायला आलात, तेव्हा ओढ्यापलीकडे एस. टी. थांब्यावर मी तुम्हाला गाठलं. म्हणालो, दीपमाला म्हणते नवरा रजेवर येईपर्यंत मी येत नाही, उगाच आग्रह करू नका. तुम्ही हातातली फळं माझ्याकडे दिलीत आणि त्याच गाडीने परत गेलात. नऊ दिवसांनी ती गेली.

तिने असं म्हटलं नव्हतं. ऋषिराजने पत्रात लिहिलं होतं, मी तीन आठवड्यांत येतो, जमलं तर तिला थांबवा. त्यातलं 'जमलं तर' मी वाचलं न वाचल्यासारखं केलं. पोराच्या रजेत घर भरलेलं हवं होतं मला. शिवाय पल्टनीत माझा शब्द कुणी खाली पडू दिला नव्हता, तो घरात तरी का पडावा, ही घमेंड. ओढ्याला तेव्हा घोटाभर पाणी होतं. तुम्ही सहज अलीकडे आला असता, ती सहज तुमच्याबरोबर गेली असती. साकवाची गरजच नव्हती.

ती सकाळपासून पिशवी भरून, केस विंचरून उंबऱ्यात बसली होती. मी घरी येऊन सांगितलं, तुझ्या बापाला सवड नाही, पुढच्या महिन्यात येईन म्हणाले. तिने फळं पाहून विचारलं, "ही कुणी आणली?" मी म्हणालो, बाजारातनं.

मला लाज वाटते. याहून मोठा शब्द शोधला, सापडला नाही.

नावाचं तुम्ही ठरवाल ते मंडळ मान्य करील. नको म्हणालात तर साकव बिननावाचा उभा राहील, चालणाऱ्याला फरक पडत नाही. पण तुम्ही तिला नकोसे नव्हता. ती तुमचीच वाट पाहत होती, आणि तुम्ही तिला विसरलात असं समजून गेली. दोघांनाही मीच तसं सांगितलं होतं.

मानसिंग जगदाळे

प्रत: १) ऋषिराज, आसाम.
२) रंगूबाई, अध्यक्ष, महिला मंडळ. मंडळाच्या बैठकीत मोठ्याने वाचावी. मी हजर राहीन.