लायसन्स धरून बसलेला माणूस

तीर्थस्वरूप आत्या,

रागाच्या भरात लिहितेय, त्यामुळे नमस्कार जरा तिरका पडला तर सांभाळून घे. तुझी कंबर कशी आहे? काकांचा खोकला? माझी तब्येत ठणठणीत आहे, डोकं सोडून.

पादचारी पूल वाऱ्यात किती हलेल याचा हिशेब मी करते, हे तुला माहीत आहेच. तो माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला झेपत नाही. त्याचा 'जॉब' करून तळमजल्यावरच्या क्लस्टरकडे, म्हणजे एकत्र जुंपलेल्या शेकडो कॉम्प्युटरांकडे, पाठवायचा आणि रांगेत थांबायचं. थांबले. नंबर लागला आणि जॉब जागच्या जागी मेला. का? तर कॉम्प्युटर शेकडो, पण या हिशेबाचं सॉफ्टवेअर एका वेळी चालवायची लायसन्स सगळ्या ऑफिसात मिळून दोन! (घरभर पाहुणे आणि कप दोन.) क्लस्टर सांभाळणारे म्हणाले, "अहो मॅडम, लायसन्स लागतं असं जॉबमध्ये लिहायचं असतं." लिहिलं. आता जॉब मरत नाही, नुसता ताटकळतो. त्यापेक्षा मेलेला परवडला.

एक लायसन्स वरच्या मजल्यावर खरोखर कामात आहे. दुसरं धरून बसलाय माझ्या शेजारच्या टेबलावरचा महाभाग. रांगेत न येता यानं गेल्या आठवड्यात आपल्या टेबलावरच सॉफ्टवेअर उघडलं (उघडं असेपर्यंत लायसन्स त्याचं) आणि तेव्हापासून त्याला हात लावत नाही. जेवायला जातो, उघडं. घरी जातो, तरी उघडं! विचारलं तर गोड हसून म्हणतो, "अहो, बंद केलं की परत मिळत नाही." अरे मेल्या, तुझ्यामुळेच मिळत नाही! (हे मनातल्या मनात. तोंडावर मी 'बरं' म्हणाले, त्याचा मला जास्त संताप आलाय.)

शुक्रवारपर्यंत हिशेब दिला नाही तर साहेब पूल दुसऱ्या कुणाला तरी देणार आणि मला पार्किंगच्या छपरांवर बसवणार. दोन वर्षं जीव लावलाय गं मी त्या पुलाला. रडू येतंय, पण रागाने.

तुझी धुमसणारी भाची

ता.क. ताईसाठी तू ज्या मुलाची चौकशी करायला सांगितली होतीस, तो हाच. निर्व्यसनी आहे, शांत आहे, धरलेली गोष्ट सोडत नाही. त्याला बुधवारी सकाळीच घरी बोलाव आणि शुक्रवारपर्यंत ठेवून घे. मात्र मंगळवारी ऑफिसातून निघताना कॉम्प्युटर पूर्ण बंद करून ये म्हणावं, वीज उधळणारा जावई आम्हाला चालत नाही.

आणखी एक ता.क. नकार शनिवारी कळव. होकार असला तरी शनिवारीच कळव, नाहीतर आनंदाच्या भरात तो लगेच ऑफिसात येऊन बसेल.