‘माहीत नाही’ असं बटण

टॉडमॉर्डन, ता. ६ सप्टेंबर २०१८

चि. लेस्लीस,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आणि टोमॅटोच्या लोणच्याची बरणी, दोन्ही पोचलं. बरणी नॉर्मनने तीन दिवसांत संपवली, पत्र मी दोनदा वाचलं.

त्याची छाती तशीच आहे. प्राणवायूचं यंत्र आता जवळजवळ दिवसभर लागतं. नळी नाकात अडकवून तो क्रिकेट ऐकत बसतो आणि आपला संघ हरला की यंत्रालाच दोष देतो.

कामाचं सांगते. वीज कंपनीचं पत्र आलंय, आमचा ठरलेला दर महिनाअखेर संपतो. शेजारची ग्लेनिस म्हणते, हल्ली वेबसाइटवर सगळ्या कंपन्यांचे भाव शेजारी शेजारी दिसतात, कंपनी बदलली की पैसे वाचतात. आमच्याकडे कॉम्प्युटर नाही, आणि फोनवर मला ऐकू येत नाही हे तुला ठाऊकच आहे. तू मास्तर माणूस, तूच बघ. मागच्या वर्षीचं बिल सोबत जोडलंय. खातं नॉर्मनच्या नावावर आहे.

हाताला गाठ येईल इतकं लिहीत जाऊ नकोस, पण लिही.
तुझी मेव्हिसताई

नॉरिच, ता. १७ सप्टेंबर

ती. मेव्हिसताईस,
सा. न. वि. वि. काम फत्ते. तीस वर्षं एकाच कंपनीला चिकटून बसलीस, त्यांनी तुला एखादं घड्याळ तरी भेट द्यायला हवं होतं.

वेबसाइटने तुमचा पिनकोड, वर्षाचे युनिट असं सगळं विचारलं आणि क्षणात यादी काढून दिली. पहिल्या नंबरची कंपनी घेतली. वर्षाला दोनशे दहा पौंड वाचतील असं ठळक अक्षरांत लिहिलं होतं. आता दाजींना सांग, क्रिकेट ऐकायला नवा रेडिओ घ्या.

लोणचं पुन्हा पाठवतो. असाच लोभ ठेव, हिवाळ्यात तो जास्त लागतो.
तुझा लेस्ली

टॉडमॉर्डन, ता. १२ डिसेंबर

चि. लेस्लीस,
अनेक आशीर्वाद. लिहू की नको असं चार दिवस चाललं होतं.

नव्या कंपनीचं बिल जुन्याच्या जवळजवळ दीडपट आलंय. ग्लेनिसच्या मुलीने समजावलं. आमचे हीटर रात्रीच्या स्वस्त विजेवर तापतात आणि दिवसभर ऊब देतात, यंत्रही रात्रभर चालतं. या कंपनीचा दिवसाचा दर कमी आहे, पण रात्रीचा दर भरमसाट. आमचा जास्त खर्च रात्रीचाच.

मी बैठकीतला आणि जिन्यातला हीटर बंद केलाय. नॉर्मनच्या खोलीतला चालू आहे, पण तोच उठून कमी करतो. मी रागावले तर म्हणाला, “हवा आणि ऊब दोन्ही विकत घ्यायला मी काय लॉर्ड आहे?”

तू वाईट वाटून घेशील म्हणून लिहीत नव्हते.
मेव्हिसताई

नॉरिच, ता. ९ जानेवारी २०१९

ती. ताईस,
सा. न. वि. वि. वेबसाइटने विचारलं होतं, रात्री किती वीज वापरता. बिलावर आकडे होते, पण कुठला रात्रीचा ते मला कळेना. खाली ‘माहीत नाही’ असं बटण होतं. ऑफर त्याच दिवशी संपत होती. मी ते बटण दाबलं. मग त्यांनी सरासरी घराचा आकडा धरला. पत्र पाठवून तुला विचारलं असतं तर चार दिवस गेले असते, एवढंच.

आता कळतं, यादीत सगळ्या कंपन्या नव्हत्याच. ज्या त्यांना दलाली देतात त्याच आधी दिसतात, बाकीच्या बघायला एका चौकटीतली खूण काढून टाकावी लागते. तुमच्या जुन्या कंपनीचा चांगला दर तिथे दिसलाच नाही.

वेबसाइटवाले म्हणतात, आम्ही फक्त दाखवतो, करार तुमचा. कंपनी म्हणते, वर्षाच्या आत सोडलंत तर दंड. मी भरतो म्हटलं, तर म्हणे खातेदाराशीच बोलू. मग मी इथून कंपनीला आणि दाजींना एकाच फोनवर जोडून घेतलं. जन्मतारीख, पत्ता, खात्याचा नंबर सांगता सांगता त्यांना धाप लागली आणि पलीकडच्या मुलीने, आवाज नीट येत नाही म्हणून, फोन ठेवला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. दाजींच्या सहीचं पत्र पाठवलंय, त्याचं उत्तर नाही.

सोबत चेक आहे. सगळे हीटर लाव. फाडशील हे माहीत आहे, तरी पाठवतो.
लेस्ली

टॉडमॉर्डन, ता. २६ फेब्रुवारी

चि. लेस्लीस,
अनेक आशीर्वाद. दफनाला आलास, थांबलास, भांडी घासलीस. नॉर्मनला आवडलं असतं.

डॉक्टरांनी दाखल्यावर न्यूमोनिया लिहिला. थंडीमुळे झाला का असं मी विचारलं. ते म्हणाले, अशा छातीला काहीही पुरतं. तेव्हा तूही तेवढंच धर.

काल ग्लेनिसने माझ्या वतीने वीज कंपनीला फोन लावला, खातेदार वारला असं सांगितलं. त्यांच्याकडे अशा फोनसाठी वेगळी माणसं असतात. ती बाई फार हळू, गोड बोलली म्हणे. करार माणसाबरोबर संपतो, दंड नाही. माझ्या नावाने नवं खातं, रात्रीचा स्वस्त दर, सगळं चार मिनिटांत झालं. ग्लेनिस घड्याळ बघत होती.

यंत्र नेलं. आता सगळ्या खोल्या उबदार आहेत. मी स्वयंपाकघरातच बसते.

ईस्टरला ये. काही नीट करायला येऊ नकोस, नुसता ये.
तुझी ताई