सरळ काढलेलं जहाज

जहाजावरून,
ता. ४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पावलं. माझं अक्षर बघून हसू नकोस. शाळा मी सोडली की शाळेनं मला, हा वाद तुम्ही बापलेकींनी आधी मिटवा. चार वर्षांतली ही सहावी नोकरी, पण ही टिकवणार. बाबांनी या जहाजाचं चित्र काढलं, मालक खूश झाला, म्हणून तर मला इथं घेतलं. आता पळालो तर बाबांचं नाक कापलं जाईल, एवढी अक्कल मला आली आहे.

काम म्हणजे गंज खरवडायचा, अस्तर मारायचं, वर रंग. बाबा हातभर कापडावर जहाज रंगवतात, मी तेच जहाज बादलीनं रंगवतो. तेव्हा मोठा चित्रकार कोण, हे त्यांना विचार आणि काय म्हणाले ते कळव. त्यांचं चित्र कॅप्टनच्या केबिनमध्ये आहे. आत जायला मिळालं की मी मान ताठ करून बघतो.

एकच कटकट आहे. डेकवर, जहाजाच्या बरोबर मध्यावर, माझा रंग टिकत नाही. कडेपासून आत केसासारखी आडवी चीर पडते. तीनदा खरवडून रंगवलं, तीनदा परत. आमचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, म्हणतो की मी रंगात तेल चोरतो. मी काय तेल पितो? पण लाट मोठी असली की त्याच जागेवरून आवाज येतो, कुणी दात खातंय असा. सारंगाला तो ऐकूच येत नाही म्हणे. मला येतो, आणि मग माझे पाय तिथं ठरत नाहीत.

सध्या दूरच्या एका बंदरात उभे आहोत, मालाची वाट बघत.

माझ्यावरचा राग आणि लोभ दोन्ही चालू ठेव.
तुझा,
भिंगरी

———

घरून,
ता. ११ नोव्हेंबर

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

बाबांचं तुला लिहू नये असं ठरवलं होतं, पण आता लिहिते. ते महिनाभर धक्क्यावर गेलेले नाहीत. पेन्सिली टोकदार करून ठेवतात आणि खिडकीशी बसून राहतात. गेल्या आठवड्यात कपाट पुढे ओढलं तर मागे तीन कागद सापडले. तिन्हींवर तुझंच जहाज, एकाच जागेवरून, लागोपाठ तीन दिवस काढलेलं. आणि तिन्हींत मधला भाग वर आलेला, दोन्ही टोकं खाली. मांजरीनं पाठ जराशी उंचवावी तसा.

मी विचारलं तेव्हा हळूच म्हणाले की त्यांचे डोळे गेले. दोन वर्षांपासून अधूनमधून सरळ रेष त्यांना वाकडी दिसते. म्हणून शेवटी मालकाचं चित्र त्यांनी पट्टी लावून काढलं. पट्टीला हात लावला म्हणून आपल्याला फटके देणारे बाबा! त्या दिवसापासून मला जेवण जात नाही. आंधळे झाले तर हा माणूस जगेल कसा?

मग त्यांना जरा हसवावं म्हणून तुझं पत्र वाचून दाखवलं. मोठा चित्रकार कोण, यावर हसले. पण मी चिरेपाशी आले तशी त्यांनी थांबवलं. परत वाच म्हणाले. तिसऱ्यांदा पत्र हातातून घेतलं आणि दोन दिवस ते तीन कागद समोर घेऊन बसले. आज उठल्याबरोबर त्यांनी हे लिहायला सांगितलं: जहाज रिकामं आणि पाणी संथ असताना, बाजूवर तांबडा रंग संपून काळा सुरू होतो ती रेष पाण्यापासून किती उंच आहे ते मोज. पुढे, मधे आणि मागे. दोन्ही बाजूंनी.

कशाला, ते सांगत नाहीत. पण त्यांचा चेहरा बघून मला तुझी काळजी वाटायला लागली आहे, त्यांची नाही. लगेच मोज, आळस करू नकोस.

मायेनं,
तुझी ताई

———

जहाजावरून,
ता. १६ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मोजलं. फळीवर बसून, रंग मारायच्या निमित्तानं. पुढे चार वीत, मागे चार वीत आणि मधे पाच. माझी वीत चुकली म्हणून दुसऱ्या बाजूनं मोजलं, तेच. मग तुम्ही लहानपणी दाखवलं होतं तसा एक डोळा मिटून धक्क्यावर खाली बसलो. बाबा, ते दिसतं. एकदा दिसलं की दिसायचं थांबत नाही.

मी कॅप्टनकडे गेलो. माणूस वाईट नाही, पण हसला. म्हणाला, रेष मारणारा रंगारी तुझ्यासारखाच असेल. मग मला खांद्याला धरून तुमच्या चित्रापुढे उभं केलं आणि म्हणाला, तुझ्या बापानं महिनाभर बघून काढलंय, बघ कसं सुतात आहे. बापापेक्षा तुला जास्त कळतं का? पट्टीचं सांगितलं तर तुमचं नाक कापलं जाईल, म्हणून तसाच बाहेर आलो.

एकवीस तारखेपासून लोखंडी सळया भरणार, चोवीसला सुटणार. पळून जाण्यात मी कधी मागे राहिलेलो नाही, तुम्ही जाणताच. पण बावीस माणसं आहोत. सारंगानं मला स्वतःचं पांघरूण दिलं आहे. त्यांना काय सांगून उतरू? आता रोज सकाळी उठल्यावर आधी ती चीर बघतो. कालपासून तिच्यात नख जातं.

लवकर लिहा. पायांवर डोकं ठेवून,
तुमचा

———

घरून,
ता. १९ नोव्हेंबर

चि. भिंगरीस आशीर्वाद.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी शेवटची बारीक ओळ वाचायला लावली. मी ती घडाघडा वाचली. डॉक्टर म्हणाले, नजर विशीतल्या पोरासारखी आहे, पेढे वाटा. मला त्यांच्या खुर्चीवरून उठवेना.

माझ्या डोळ्यांना जे दिसत होतं ते खरं होतं; जहाजच मधोमध मोडत चाललं आहे. मी स्वतःला म्हातारा समजलो आणि जहाजाला शहाणं. कागदावर केसभर फरक. पट्टीनं तो मी पुसला. मालकाला चित्र आवडलं आणि त्याच्या बदल्यात मी तुला त्या जहाजावर चढवलं.

सोबत ते तीन कागद आहेत, आणि कॅप्टनसाहेबांना वेगळं पत्र. माझं चित्र खोटं आहे असं त्यात साफ लिहून सही केली आहे. हे कळल्यावर मला कुणी काम देणार नाही. ते माझं मी बघेन. सर्वांसमोर वाचायला दे. नाही ऐकलं तर उतर. आजवर पळालास म्हणून बोल लावला, आता बाप म्हणून सांगतो, पळ. सारंगाला हाताला धरून आण.

ताई देवापाशी बसून आहे. मी धक्क्यावर जाऊन येतो, घरात थांबवत नाही.

तुझा,
बाबा

———

धक्क्यावरून,
ता. २५ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबा आणि ताई यांस,
सा. न. वि. वि.

आधी हे वाचा: मी जमिनीवर आहे. बावीसच्या बावीस जमिनीवर आहोत.

पत्र बावीस तारखेला आलं तेव्हा निम्म्याहून जास्त सळया भरून झाल्या होत्या. कॅप्टननं उभ्या उभ्याच वाचलं. तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी लावले. मग म्हणाला, उन्हाळ्यापासून त्याच्या केबिनचं दार लागत नाही. त्याला संशय यायचा, तेव्हा तो या चित्राकडे बघून मनाची समजूत घालायचा. एवढं बोलून त्यानं चित्र भिंतीवरून उतरवलं आणि भरणं थांबवायला सांगितलं.

मालकाची तार आली, शिव्यांनी भरलेली. कॅप्टननं ती खिशात घातली आणि आम्हाला आपापलं सामान घेऊन उतरायला लावलं. आम्ही फळीवरून उतरतच होतो, तेव्हा तो आवाज आला. बाबा, तो मला लिहिता येत नाही. माझ्या चिरेपाशी डेक उघडलं, पंजा आत जाईल एवढं. संथ पाण्यात! भर समुद्रात असतो तर?

सारंग एका पायात चप्पल घालून धक्क्यावर बसला होता. मला जवळ बोलावलं, म्हणाला, तेल बरोबर होतं रे तुझं. आणि लहान पोरासारखा रडला. आणि ताई, मी पोटभर जेवलो.

पुढचं काम मिळेपर्यंत बंदरातच आहे. असाच लोभ माझ्यावर असू द्या.
तुमचा,
भिंगरी

———

घरून,
ता. २ डिसेंबर

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तुझं पत्र ताईनं मला पाच वेळा वाचून दाखवलं. तिनं कणीक मळता मळता रडून घेतलं, आता तुला येऊन चोपणार म्हणते.

मी मात्र कागद काढून बसलो आहे. दोन वर्षांत अकरा जहाजांची चित्रं केली. प्रत्येकाचे धक्क्यावरचे कच्चे कागद काढून ताडून बघितले. तुझ्या जहाजाखेरीज आणखी तीन ठिकाणी मी पट्टी लावली आहे. एक मोडीत निघालं, त्याची चिंता संपली. दुसऱ्याच्या मालकाला पत्र गेलं, त्यानं जहाज थांबवलं. तिसरं विकलं गेलं. नवा मालक, नवं नाव, नवा रंग. बंदराच्या कचेरीत कुणालाही ते नवं नाव सांगता येत नाही.

सोबत त्याचा कच्चा कागद आहे, जसा दिसला तसा, वाकडा. धुराडं एकच, मागे कललेलं. मागच्या टोकाशी डाव्या अंगाला पत्र्याचं चौकोनी ठिगळ. रंग बदलला तरी ते ठिगळ लपणार नाही. तू बंदरात आहेस तोवर येणारं प्रत्येक जहाज बघ. फळीवरच्या रंगाऱ्यांशी बोल, त्यांना विचार की त्यांचा रंग कुठं टिकत नाही.

ते कुठं आहे आणि त्यावर किती माणसं आहेत, मला माहीत नाही. दिसलं तर लगेच तार कर. मी रोज सकाळी तारघर उघडायच्या आधी दारात उभा असतो.

तुझा,
बाबा