बाबांचा तासायचा घोडा

विंबोर्न, २६ ऑक्टोबर

प्रिय हेस्टरताईस,

धाकट्या सेड्रिकचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखरच वाकून. जूनपासून पाठ सरळ होत नाही, त्याचं कारण पुढे येईल.) तुझा गुडघा कसा आहे? ऑपरेशन झाल्याचं मला पोस्टातल्या मॉडकडून कळलं. सख्ख्या बहिणीच्या गुडघ्याची खबर तिकिटं विकणाऱ्या बाईकडून मिळावी, याचं फार वाईट वाटलं. तक्रार नाही. तीन वर्षं तू माझ्याशी बोलत नाहीस, ते बरोबरच आहे. नाताळला तुझं कार्ड येतं, पण पूर्वी तुझ्या नावापुढे गोड पापा म्हणून एक फुली असायची, ती आता नसते. मी दर वर्षी कार्ड उलटंपालटं करून बघतो, चुकून मागच्या बाजूला घातली असेल म्हणून.

भांडणाचं कारण आपल्या दोघांनाही ठाऊक आहे, तरी लिहितो, कारण मी ते आजवर कधी नीट उच्चारलेलं नाही. बाबा गेल्यावर त्यांची शेड रिकामी करताना मी त्यांचा घोडा पाच नोव्हेंबरच्या रात्री गाव होळीसारखा मोठा जाळ करतं, त्यात घालायला दिला. वर बसून पायाने दांडा रेटला की पुढच्या जबड्यात काठी घट्ट धरून ठेवणारा तो लाकडी घोडा, ज्यावर बसून बाबांनी पन्नास वर्षं हेझलच्या झाडाचे फोक तासले आणि अर्ध्या डॉर्सेटच्या मेंढ्यांना विणलेली कुंपणं पुरवली. मला ते मोडकं बाक वाटलं, असं मी तुला फोनवर सांगितलं. तू म्हणालीस, “बाबांना आपण पुरलं, सेड्रिक. जाळलंस तू.” आणि फोन ठेवलास.

आता जूनकडे वळतो. अडतीस वर्षं विम्याच्या कचेरीत बसून मी निवृत्त झालो. या अडतीस वर्षांत जेवणाच्या सुट्टीत मी लोकांना काय काय सांगितलं असेल, याची तुला कल्पना नाही. मी रानात वाढलो, पावसातसुद्धा आग पेटवतो, झाडाची साल हुंगून नाव सांगतो. (ज्या मुलाने बाबांना आपली गाडी शाळेच्या फाटकाच्या एक वळण अलीकडे थांबवायला लावली, तोच हा मुलगा. बाबांनी कधी का म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.) तर निरोप समारंभात सगळ्यांनी वर्गणी काढून मला तीन दिवसांचा, रानात तग धरून राहायला शिकवणारा वर्ग भेट दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. आणि वर्ग कुठे? आपल्या ॲशकोम गावाच्या मागच्या रानात, जिथे बाबा हेझल तोडायचे. जे बाबा मला बारा वर्षं फुकट शिकवायला बघत होते आणि मी पालथ्या घड्यासारखा बसून होतो, ते शिकायला मी एकसष्टाव्या वर्षी पाठीवर नवी कोरी पिशवी घेऊन गेलो. काखेत कळसा होता तेव्हा मला त्याची लाज वाटत होती.

शिकवणारी ब्रायनी नावाची सव्वीस वर्षांची मुलगी होती. बोटांना कायम राख, आणि बोलणं बाबांइतकंच कमी. माझा जोडीदार गॉर्डन म्हणून रेडिंगचा एक दंतवैद्य. त्याच्या चाकूला चौदा पाती होती, त्यातलं एक माशाचे खवले काढायचं. मासा मात्र तीन दिवसांत कुणाला दिसला नाही. पहिल्या दिवशी आम्हाला फांद्यांचं छप्पर करून त्यावर हातभर जाड पाचोळा घालायचा होता. गॉर्डन आणि मी नेमके एकाच ढिगापाशी पोचलो. मी म्हटलं, आधी तुम्ही. तो म्हणाला, छे छे, तुम्हीच. असं बराच वेळ चाललं. तू मला ओळखतेस, सौजन्यात मी कुणाला हार जात नाही. मी जिंकलो. त्यामुळे पाचोळा त्याला मिळाला आणि पाऊस मला. माझ्या पाठीचं जे झालं ते इथे झालं.

दुसऱ्या दिवशी आग. काड्यापेट्या आधीच काढून घेतल्या होत्या. वाकडी फांदी आणि दोरी यांचं धनुष्य करायचं, दोरीचा वेढा एका काठीला घालायचा, आणि ती काठी फळीवर घुसळत राहायची, धूर येईपर्यंत. मग काळा भुगा धुमसायला लागतो, तो लगेच सुक्या गवतात घेऊन हळूहळू फुंकायचा. तासभर घुसळून माझ्या नाकी नऊ आले, पण ताई, धूर आला. निखारा पडला. सगळे शाबास म्हणाले. आणि मी उठून उभा राहिलो, टोपी काढली, आणि एकेकाचे आभार मानले. खाली बघतो तर निखारा विझलेला. मी पुन्हा तासभर घुसळलं, पुन्हा धूर आला, पुन्हा सगळे शाबास म्हणाले. आता तूच सांग, माणसं शाबास म्हणत असताना पाठ करून बसायचं कसं? दुसरा निखाराही आभारात गेला. ब्रायनी तेव्हा म्हणाली, “सेड्रिक, आगीला तुमच्या शिष्टाचाराचं काही पडलेलं नसतं. हातातलं सोडून लोकांकडे बघाल तर ती जाते.” तिसऱ्या दिवशी मात्र मी झुडपामागे एकटा बसलो आणि आग पेटवून दाखवली. टाळ्या पडल्या.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण तिसऱ्या दिवशी जेवणानंतर चमचे तासायचे होते, आणि ब्रायनीने ताडपत्रीखालून घोडा काढला. तसाच, ताई. बैठक बसून बसून खोलगट आणि गुळगुळीत झालेली, पायाचा दांडा एका बाजूने झिजलेला. कुठल्यातरी म्हाताऱ्या कुंपणवाल्याच्या बायकोने तिला दिला होता. गॉर्डनने चाकू खिशात घातला आणि बैठकीवरून नुसता हात फिरवला. ब्रायनी म्हणाली, “नवा करता येतो, पण ही बैठक नाही करता येत. म्हातारा मेला की पोरं असले घोडे जाळून टाकतात.” आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, “लोक फार निष्काळजी असतात.” सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या शेजारी बसून माझ्याच करणीबद्दल हळहळत होती ती माणसं, आणि मी त्यांच्यात सामील झालो. तेव्हा जी लाज वाटली ती शाळेच्या फाटकाशी वाटायची त्यापेक्षा वेगळी होती, आणि ती अजून गेलेली नाही. मला सांगायचं होतं की असाच एक म्हातारा माझा बाप होता. नाही बोललो.

असो. माझा चमचा सुपासाठी निरुपयोगी आहे, त्याला मधोमध भोक आहे. गुडघ्याची काळजी घे. जिने चढू नकोस. मांजराला आशीर्वाद.

तुझा मूर्ख भाऊ,
सेड्रिक

ता. क. तिसऱ्या दिवशीची आग मी घुसळून पेटवली नाही. मोज्यात काड्यापेटी लपवली होती. टाळ्या घेतल्या आणि आभारही मानले.

ता. क. २. खोटं काढायलाच बसलोय तर मोठंही काढतो. बाबांचा घोडा मला मोडकं बाक वाटला नव्हता. मी ओळखला होता. कोण ओळखणार नाही? जाळासाठी लाकूडफाटा मागत समितीची माणसं हातगाडी घेऊन दारात उभी होती, सगळी चांगल्या कपड्यांतली. त्यांना रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, असं मला वाटलं, आणि शेडमध्ये दुसरं काही उरलं नव्हतं. त्यांनी विचारलं, हे काय आहे हो? मी म्हटलं, काही नाही, जुनं बाक आहे. ते खूप आभारी होते.

ता. क. ३. हे पत्र खरं यासाठी. चार महिने गॅरेजमध्ये मी एक घोडा करतोय. झाला आहे. डुगडुगतो, आणि जबडा काठी धरता धरता सोडतो, का ते मला कळत नाही. तुला कळेल. बाबांच्या मांडीवर बसून तू शिकलीस तेव्हा मी घरात वाचत होतो. त्यांचा तासायचा दोन मुठींचा सुरा तुझ्याकडे आहे. मी तो मागत नाही. तू घेऊन ये, एक फोक तासून बघ आणि परत घेऊन जा. बैठक मी माझ्या मापाने केलेली नाही, बुटकी ठेवली आहे, गुडघा फार वाकवावा लागणार नाही.

ता. क. ४. आणि बसून पाहिल्यावर तुला वाटलं की हा बाबांच्या नावाला शोभत नाही, तर पाच नोव्हेंबर दहा दिवसांवर आलाच आहे. या खेपेला तू तुझ्या हाताने जाळ. काड्यापेटी माझ्या मोज्यात असेल.